आप्पांचं दुखणं सोंग नव्हतं

पत्र:

डॉक्टर,

मी डी.फार्म. झाले आहे, तालुक्याच्या गावी एका मेडिकलमध्ये काम करते. आमचे आप्पा ६१ वर्षांचे. द्राक्षबाग आणि थोडा ऊस आहे. चार वर्षांपासून त्यांची कंबर धरते. सुरुवातीला शहरातल्या एका डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, "मणके झिजलेत, गॅप पडलाय, वाकलात तर पाय जातील." तेव्हापासून आप्पा घाबरून असतात. गावातल्या डॉक्टरांकडे मात्र दर पंधरा दिवसांनी जाऊन एक लाल सुई घ्यायचे. सुई घेतली की आठ-दहा दिवस बरे असायचे, बागेत जायचे. दोन महिन्यांपूर्वी मी त्यांच्याबरोबर गेले आणि ते खोकं ओळखलं. नुसतं बी-१२. रात्री जेवताना सगळ्यांसमोर बोलून गेले, "आप्पा, ती जीवनसत्त्वाची सुई आहे, कंबरेचं औषधच नाही. तुम्हाला नुसतं मनानं बरं वाटतंय." भाऊ हसला. आप्पा काहीच बोलले नाहीत. पुढच्या वेळी सुई घेतली तर काडीचाही फरक पडला नाही. आता ते जातच नाहीत, दिवसभर खाटेवर असतात. माळकरी माणूस, पण यंदा वारीलाही गेले नाहीत. परवा मला म्हणाले, "म्हणजे चार वर्षं मी सोंगच करत होतो म्हण की."

मी खरं बोलले, त्यात चुकलं काय? जीवनसत्त्वानं कंबर थांबत होती, तर मग दुखणं खरं होतं का? भाऊ म्हणतो, "नवीन भारी सुई आलीय असं सांग, आपोआप बरे होतील." तसं करू का? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, मला तूच म्हणा.

एक लेक, सांगली जिल्हा

उत्तर:

प्रिय लेकी,

आधी उत्तरं देते, कारणं मागून सांगते. आप्पांचं दुखणं खरं होतं. सुई घेतल्यावर पडायचा तो आरामही खरा होता. आणि भाऊ सांगतो तसं करू नकोस.

मी ३४ वर्षं भूल देत आले. दुखणं आणि दुखणं थांबवणं हाच माझा रोजचा व्यवहार, त्यामुळे तुझं पत्र वाचून "सोंग" या एका शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. आपल्याकडे औषध नसलेल्या औषधानं कुणाला बरं वाटलं की दोनच निष्कर्ष निघतात. एक तर दुखत नव्हतंच, नाहीतर माणूस भोळा आहे. हे दोन्ही चूक आहेत, आणि ते चूक आहेत हे प्रयोगानं दाखवलेलं आहे.

१९७८ ची गोष्ट. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स या तिघांनी अक्कलदाढ काढलेल्या लोकांवर एक प्रयोग केला. अक्कलदाढ काढल्यावर काय ठणकतं ते तुला ठाऊक असेल. त्यांनी काही जणांना शिरेतून प्लासिबो दिलं, म्हणजे ज्यात वेदनाशामक काहीच नाही असं द्रावण. हे दुखणं थांबवायचं औषध असू शकतं एवढंच लोकांना माहीत होतं. काहींचं दुखणं खरोखर उतरलं. इथपर्यंतची गोष्ट तुझ्या आप्पांच्या गोष्टीसारखीच आहे. पुढं त्यांनी नॅलॉक्सोन दिलं. हे औषध तुमच्या मेडिकलमध्ये सहसा मागायला कुणी येत नसेल, पण आम्हा भूलतज्ज्ञांच्या हाताशी ते कायम असतं. मॉर्फिन जास्त झालं आणि रोग्याचा श्वास मंदावला की आम्ही ते देतो. मॉर्फिन शरीरात जिथं जाऊन बसतं त्या जागा ते अडवतं आणि मॉर्फिनचा असर उतरवतं. बाकी ते फारसं काही करत नाही.

आता विचार कर. त्या लोकांना मॉर्फिन दिलेलंच नव्हतं. त्यांचा आराम नुसता भिडेखातर सांगितलेला असता, सोंग असतं, तर नॅलॉक्सोन उतरवणार काय? पण ज्यांना प्लासिबोनं आराम पडला होता त्यांचं दुखणं नॅलॉक्सोननं परत वाढलं. म्हणजे त्यांच्या शरीरानंच मॉर्फिनच्या जातीचं काहीतरी सोडलेलं होतं. शरीर स्वतः असं द्रव्य तयार करतं याचा शोध त्याच्या तीनच वर्षं आधी, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला लागला होता. आराम पडणार ही अपेक्षा मेंदूत तयार होते, मेंदू खाली मज्जारज्जूला निरोप धाडतो, आणि कंबरेकडून वर निघालेला वेदनेचा संदेश वाटेतच कमी केला जातो. आप्पांना हे समजावताना दारं धरण्याचा दाखला दे. रात्रीची लाइट आल्यावर खोरं घेऊन पाणी या सरीतून त्या सरीत फिरवायचं काम त्यांनी आयुष्यभर केलंय. पाटाला पाणी तेवढंच असतं, कुठल्या सरीत किती जाऊ द्यायचं ते दार धरणारा ठरवतो. दुखण्याच्या बाबतीत हे दार धरणारा मेंदू आहे, आणि त्याच्या हातात खरं खोरं आहे.

आता तुझ्या जेवणाच्या वेळच्या बोलण्याकडे येते. २०११ मध्ये उलरिके बिंगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ निरोगी माणसांच्या पायाला चटका बसेल इतकी उष्णता देऊन दुखणं मोजलं. आधी औषधाविना दुखणं १०० पैकी ६६. मग न सांगता रेमिफेंटानिल सुरू केलं. हे मॉर्फिनच्याच कुळातलं, फार जोरकस औषध आहे, मी स्वतः वापरलंय. दुखणं ५५ वर आलं. मग "आता औषध सुरू करतोय" असं सांगितलं. औषध तेवढंच, पण दुखणं ३९. शेवटी "औषध बंद केलंय, आता दुखणं वाढू शकतं" असं सांगितलं. औषध बंद केलेलं नव्हतं, तेवढ्याच मात्रेत चालूच होतं. तरी दुखणं ६४ वर गेलं. इतकं ताकदवान औषध शिरेत चालू असताना एका वाक्यानं त्याचा असर जवळजवळ पुसून टाकला. मी हा लेख पहिल्यांदा वाचला त्या दिवशी दवाखान्यात जाऊन माझ्या हाताखालच्या मुलांना एकत्र बसवून वाचून दाखवला होता.

आप्पांच्या बाबतीत तू असंच वाक्य बोललीस, आणि जाणूनबुजून बोलली नाहीस. सुई तीच होती. वाक्य बदललं आणि दार उलट्या बाजूला फिरलं. पुढच्या वेळी सुईनं फरक पडला नाही म्हणून आधीचा आराम खोटा ठरत नाही. उलट, तो खरा होता म्हणूनच तो जाऊ शकला.

तू खरं बोललीस म्हणतेस, पण पुरतं खरं बोलली नाहीस. "ती सुई कंबरेच्या औषधाची नाही" हे खरं होतं. "तुम्हाला नुसतं मनानं बरं वाटतंय" यातला "नुसतं" चुकीचा होता. आपल्या बोलण्यात "मनाचं आहे" याचा अर्थ "खरं नाही" असा होतो. डॉक्टर म्हणाले "मानसिक आहे" की घरचे लोक रोग्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात, आणि रोगी स्वतःकडेही. आप्पांनी तुझ्या वाक्याचा नेमका तोच अर्थ घेतला. वर भाऊ हसला. चार वर्षं कंबर धरून बागेत राबलेल्या माणसाला पोरांसमोर हे ऐकावं लागलं. तुला टोचून बोलायचं नाही मला. तुझा हेतू चांगला होता आणि पंधरा दिवसांनी सुई टोचून घेणं थांबावं असं तुला वाटलं, ते बरोबरच होतं. पण त्यांना काय लागलं असेल ते तुला कळावं म्हणून सांगतेय.

आणि खरं सांगायचं तर आप्पांचं सगळ्यात जास्त नुकसान तू केलेलं नाहीस. ते चार वर्षांपूर्वीच झालं होतं. "वाकलात तर पाय जातील." हे वाक्य वाचून मला राग आला, अजून उतरलेला नाही. "गॅप" हा शब्द गावोगाव झालाय. गुडघ्यात गॅप, मणक्यात गॅप. ऐकणाऱ्याला वाटतं आत काहीतरी फाटलंय, उघडं पडलंय, जरा हललं की मोडणार. २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात दुखत नाही अशा ३११० लोकांचे मणक्यांचे स्कॅन त्यात तपासले होते. विशीतल्या लोकांत १०० पैकी ३७ जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. साठीत १०० पैकी ८८ जणांच्या. दुखत नसलेल्या लोकांत! आप्पा ६१ वर्षांचे आहेत, त्यांचा एमआरआय निव्वळ स्वच्छ आला असता तर मला नवल वाटलं असतं. केस पिकावेत तशी ही झीज. तिनं दुखत नाहीच असं मी म्हणत नाही, पण "पाय जातील" हे त्या फिल्मवर कुठेही लिहिलेलं नसतं. अशा शब्दांनी वाढणाऱ्या दुखण्याला नोसिबो म्हणतात. प्लासिबोचा उलटा भाऊ. आप्पा चार वर्षं वाकायला भीत आले असतील, अंग आखडून चालत आले असतील, स्नायू कमजोर झाले असतील, आणि मग कंबर आणखी धरत गेली असेल.

या बाबतीत माझे हातही स्वच्छ नाहीत. मणक्यात भूल देण्याआधी कातडी बधिर करायला आम्ही छोटी सुई देतो. ती टोचताना मी वर्षानुवर्षं म्हणत आले, "आता मुंगी चावल्यासारखं होईल हं, थोडं दुखेल." प्रेमानंच म्हणायची. २०१० मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी प्रसूतीसाठी आलेल्या १४० स्त्रियांना हीच सुई देताना अर्ध्या जणींना सांगितलं, "मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, सगळ्यात वाईट भाग हाच." उरलेल्यांना सांगितलं, "जागा बधिर करायचं औषध देतोय, मग तुम्हाला आरामात राहता येईल." सुई एकच, औषध एकच. मधमाशी ऐकलेल्यांनी १० पैकी साधारण ५ दुखलं असं सांगितलं, दुसऱ्यांनी ३. त्यानंतर मी मुंगी सोडून दिली. आता म्हणते, "बधिर करायचं औषध देतेय, मग पुढचं जाणवणार नाही." हेही शंभर टक्के खरंच आहे. दोन्ही वाक्यं खरी असताना मी इतकी वर्षं दुखणारं वाक्य का निवडत आले, याचं मला वाईट वाटतं.

दुखण्याचा अर्थ बदलला की दुखणं बदलतं, हे आमच्याच शाखेतल्या हेन्री बीचर नावाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर पाहिलं. मोठ्या जखमा झालेल्या सैनिकांपैकी चारातले तिघे म्हणत होते, दुखणं थांबवायला औषध नको. जखम म्हणजे त्यांच्यासाठी रणांगणातून सुटका होती. याला इतक्या लांबचा दाखला कशाला? आप्पा वारीला गेलेले आहेत. पायाला फोड आलेले असताना पुढच्या मुक्कामापर्यंत माणसं कशी चालतात ते त्यांनी पाहिलंय, बहुतेक स्वतः केलंय. तेच फोड बाजारातून घरी येताना आले असते तर त्यांनी एस.टी. धरली असती. वारीतलं त्यांचं चालणं सोंग होतं का, हे त्यांनाच विचार.

आता दुसरी बाजू, कारण तू औषधांच्या धंद्यात आहेस आणि उद्या गिऱ्हाइकांना सांगताना अर्धवट सांगायला नकोस. अपेक्षेची ही ताकद जाणवण्याच्या गोष्टींवर चालते. दुखणं, मळमळ, थकवा. गाठ, जंतू, अडलेली रक्तवाहिनी तिला ऐकत नाही. २०११ मध्ये बोस्टनला दम्याच्या रोग्यांवर झालेला प्रयोग मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. खऱ्या पंपानं फुप्फुसाची हवा बाहेर टाकायची क्षमता २० टक्के वाढली, खोट्या पंपानं फक्त ७ टक्के, म्हणजे काहीच न केल्यावर वाढली तेवढीच. पण "बरं वाटतंय का?" विचारल्यावर दोन्ही पंपवाल्यांची उत्तरं जवळपास सारखी होती. दम्यात असं नुसतं बरं वाटणं जीवावर बेतू शकतं. शिवाय सगळाच आराम अपेक्षेचा नसतो. माणूस दुखणं ऐन भरात असताना डॉक्टरकडे जातो, आणि भर कधी ना कधी ओसरतोच. आप्पांच्या आठ-दहा दिवसांत त्याचाही वाटा असणार. आणि आराम फारच झटपट पडत असेल तर तिथं वेगळा संशय घे. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, तो आराम अपेक्षेचा नसतो आणि महाग पडतो.

एक गोष्ट तूही घाईत विसरलीस. आप्पा माळकरी आहेत, म्हणजे मांस-मासे-अंडी नाहीत. शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असणं आपल्याकडे सर्रास आढळतं, आणि ते फार कमी असेल तर पायाला मुंग्या, बधिरपणा, थकवा येतो. ती सुई निव्वळ पाणी होती असं तुला तरी कुठं माहीत आहे? रक्त तपासून घे. कमी असेल तर बी-१२ हे त्यांचं खरं औषध आहे, आणि ते आप्पांना मोठ्या आवाजात, त्याच जागी जेवताना सांग. नुकतीच सुई झालेली असेल तर आकडा वाढलेला येऊ शकतो, तेवढं तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगायला विसरू नकोस.

गावातल्या डॉक्टरांना लबाड ठरवायची मला घाई नाही. कंबरेसाठी म्हणून काही न सांगता सुई देत राहणं चूक, ते मी स्पष्टच म्हणते. रोग्यानं मागितली म्हणून सुई, मागितलं म्हणून सलाइन, ही सवय आपल्याकडे रोगी आणि डॉक्टर दोघांनी मिळून लावून घेतलीय, आणि टोचण्याचे धोके सुईत काहीही असलं तरी असतातच. पण मला विचारायचंय, ते सुईआधी काय करायचे? कंबर दाबून बघायचे का? "औंदा द्राक्षाला दर काय?" म्हणून विचारायचे का? शहरातल्या डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि भीती दिली. यांनी निदान आप्पांकडे बघितलं असेल. त्या आरामातला मोठा हिस्सा तिथून आला असेल, आणि तो खोटं न बोलताही देता येतो.

म्हणूनच भावाची युक्ती नको. भारी सुईचं सोंग पंधरा दिवस चालेल. मग कुणीतरी खोकं ओळखेल, आणि या वेळी आप्पांचा विश्वास सुईवरून, तुझ्यावरून आणि उद्या लागणाऱ्या खऱ्या औषधांवरूनही उडेल. शिवाय खोट्याची गरजच नाही. लिस्बनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना डबीवर "प्लासिबो" असं लिहून गोळ्या दिल्या, यात औषध नाही पण शरीर प्रतिसाद देऊ शकतं असं नीट समजावून सांगितलं. चालू उपचार तसेच ठेवले. तीन आठवड्यांत त्यांचं दुखणं सरासरी ३० टक्के उतरलं, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं ९ टक्के. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. आप्पांना अशा गोळ्या दे असं मी म्हणत नाही. खरं सांगूनही दार फिरतं, एवढंच तुला दिसावं.

आता काय करशील. पहिल्यांदा आप्पांकडे जा, आणि सगळ्यांसमोर बोललीस म्हणून सगळ्यांसमोरच जा. भावालाही बसव. फार बोलू नकोस. "आप्पा, मी त्या दिवशी चुकीचं बोलले. तुमचं दुखणं खरं होतं. सुईत कंबरेचं औषध नव्हतं हे खरंय, पण तुम्हाला आराम पडला तो तुमच्या अंगानं स्वतः केला. डॉक्टर म्हणतात, तुमच्या अंगात ती ताकद अजून आहे." एवढंच. मग गप्प बस आणि त्यांना बोलू दे. ते रागावले तर रागावू दे.

त्यानंतर चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे ने, आणि त्यांना आधीच सांगून ठेव की या माणसाला चार वर्षं "वाकू नका" सांगितलं गेलंय. त्यांनी आप्पांना हळूहळू वाकायला शिकवावं, आणि वाकल्यावर पाय जात नाहीत हे आप्पांनी स्वतः अनुभवावं. पण कुठल्याही दिवशी पायातली ताकद कमी वाटली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, कंबरेबरोबर ताप आला, वजन विनाकारण उतरू लागलं किंवा रात्री पडूनही दुखणं थांबेना, तर माझं हे सगळं पत्र बाजूला ठेव आणि त्याच दिवशी त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन जा.

खाटेवरून मात्र उद्यापासूनच उठव. कंबरदुखीला पडून राहण्यासारखं वाईट काही नाही. वारीला किंवा बागेत कामाला जायचं नाव एवढ्यात काढू नकोस. संध्याकाळी ऊन उतरलं की त्यांच्याबरोबर विहिरीपर्यंत चाल. वाटेत "दुखतंय का?" असं विचारू नकोस, कारण त्या प्रश्नानं लक्ष पुन्हा तिथंच जातं. बागेचं विचार, छाटणी कधी धरायची ते विचार. विहिरीवर घटकाभर बसा आणि परत या. आठवड्यानं बांधापर्यंत.

बी-१२ चा आकडा काय आला ते मला कळव.